उन्हाचे नाव यादीत नाही

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. जूनच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो. सराफ्यातील सोनार त्या वेळी निदान छताखाली बसलेला असतो; बाहेर हातगाडी ओढणारा हमाल, फेरीवाला आणि रस्त्यावर डांबर टाकणारा मजूर यांच्या डोक्यावर फार तर एक गमछा असतो.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२३ साली संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. मेलॅनोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू उन्हातील कामामुळे ओढवतात. २०१९ या एका वर्षात १८३ देशांत असे सुमारे १९ हजार मृत्यू झाले. यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे की, सावळ्या त्वचेला हे भय नाही. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु अल्बिनिझम असलेल्या मजुराला हे कवच नसते, आणि अतिनील किरणांनी बळावणारा मोतीबिंदू त्वचेचा रंग विचारत नाही.

शिवाय त्वचेचा कर्करोग आपल्याला अगदीच अनोळखी नाही. डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४० च्या दशकात, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असताना, कमरेला सतत घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. राहणीतून रोग कसा उद्भवतो, हे त्यांनी पाहिले. कायद्याने मात्र हा धडा अर्धाच गिरवला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत डांबर, पिच व खनिज तेल यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग व्यावसायिक आजार म्हणून आला. ऊन आले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती यादी पुढे चालवली, तरी उन्हाचे नाव त्यात नाहीच. म्हणजे रस्त्यावरील एकाच मजुराच्या पुढ्यातील डांबर कायद्याला दिसते, माथ्यावरील सूर्य दिसत नाही! जर्मनीने २०१५ पासून उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या विशिष्ट कर्करोगाला व्यावसायिक आजाराचा दर्जा दिला आहे. तेथील सूर्य आपल्यापेक्षा किती सौम्य, हे सांगावयास नको.

तथापि ऑस्ट्रेलियाची नक्कल करून मजुरांना मलमाच्या नळ्या वाटणे, हे माझ्या मते धोरण नव्हे. ती खरेदी झाली. रोजंदारीच्या माणसाला घामात दर दोन तासांनी मलम चोपडणे परवडत नाही आणि जमतही नाही. त्याला हवी आहे सावली, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि बदललेली कामाची वेळ. उष्माघात टाळण्यासाठी अहमदाबादने २०१३ साली कृती आराखडा केला, तेव्हापासून दुपारच्या सुट्टीची भाषा प्रशासनात रुळली आहे. पण उष्मा दुपारी दोन-तीनच्या सुमारास कळस गाठतो, तर अतिनील किरणे मध्यान्हीच्या आसपास. सुट्टी बाराला सुरू केली, तर दहा ते बारा हा काळ उघडाच राहतो. म्हणून काम पहाटे सुरू करून साडेदहापर्यंत थांबवणे अधिक श्रेयस्कर. एका निर्णयात दोन्ही धोके टळतात.

खर्चाचे म्हणाल, तर बांधकाम खर्चावर एक ते दोन टक्के कल्याण उपकर घेतला जातोच. यादीतील दुरुस्तीला अधिसूचना लागेल आणि ती यथावकाश निघेल. परंतु सराफ्यातील पुढील रस्त्याच्या निविदेत कामाचे तास व तात्पुरती सावली यांची अट घालण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. अंदाजपत्रक करणारा अभियंता ती आजही लिहू शकतो.