काळी काच मागणे हा आपला हक्क आहे!

आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करून किंवा गाळ्यावर हेल्पर म्हणून राबत काम शिकून आपली असंख्य मुले आज ग्रिल-शटरच्या दुकानांत, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आणि बांधकामांवर वेल्डिंग करीत आहेत. जातीने लादलेले काम झुगारून हातात कसब घेणाऱ्या या पिढीचा आम्हाला अभिमान आहे. परंतु त्या कसबाची किंमत डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी चुकवावी लागत असेल, तर समाजाने गप्प बसून चालणार नाही.

कोणत्याही शहरातील गाळ्यांच्या रांगेत जाऊन पाहा. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात जॉब, डोळ्यांवर फुटपाथवरचा गॉगल, तोंडाला रुमाल आणि पायात स्लिपर! टॅक मारताना तर काच घेतलीच जात नाही. डोळे मिटून काम उरकायचे. बाजूला हेल्पर उघड्या डोळ्यांनी उभा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. ‘वेल्डिंग लागली’ म्हणायचे, बटाट्याची चकती डोळ्यांवर ठेवायची आणि सकाळी पुन्हा कामावर हजर!

हे दुखणे साधे नाही. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून काढतात. साधा गॉगल यापासून वाचवू शकत नाही. हाताने रॉड चालवताना साधारणपणे 10 ते 12 नंबरची काच लागते, तीही पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये किंवा हँड स्क्रीनमध्ये. धुराचे संकट तर याहून मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तो याच धुराचा प्रताप. रुमालाने हा धूर अडत नाही आणि गूळ खाऊन तो छातीतून उतरत नाही. त्यासाठी धूर बाहेर ओढणारा पंखा आणि योग्य मास्क हवा. ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलणे, डिझेलच्या रिकाम्या ड्रमला वाफ न काढता टाका मारणे, हे तर मृत्यूला निमंत्रणच आहे.

मालक सांगतात, “पोरेच हेल्मेट घालत नाहीत.” आम्ही विचारतो, नगावर मजुरी ठरवून घाई कोण लावतो? काच तडकली तर नवी आणून कोण देतो? साधे हेल्मेट काही शे रुपयांत मिळते. तेवढा खर्च वाचवण्यासाठी माणसाचे डोळे पणाला लावणे हा निष्काळजीपणा नव्हे, ते शोषण आहे. जातिव्यवस्थेने ज्यांचे शरीर नेहमीच स्वस्त मानले, त्यांच्याच वाट्याला हे यावे हा योगायोग नाही.

कायद्याचे काय? 1948 च्या कारखाना कायद्याच्या 35 व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 कामगार असले की तो कारखाना ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आणि कारखान्यासाठीची ही संख्या 20 वर नेली. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असे संहिता सांगते. पण तीही सर्वसाधारणपणे 10 कामगारांच्या आस्थापनेपासून पुढे लागू होते. मग चार पोरांच्या गाळ्यातील वेल्डरने कोणाकडे दाद मागायची? जिथे धोका जास्त, तिथेच कायदा पोहोचत नाही!

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. कापड गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे ठणकावून सांगितले. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास, आरोग्य विमा, कारखान्यांची तपासणी हे विषय हाती घेतले. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहरबानी नसून राज्याची जबाबदारी आहे, ही त्यामागची भूमिका होती.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. एक कामगार असला तरी संरक्षक साधने सक्तीची करा. आणि आपणही हातावर हात ठेवून बसू नये. 14 एप्रिलला डीजेवर हजारो रुपये उडवणाऱ्या मंडळांनी यंदा वस्तीतील वेल्डरांना हेल्मेट द्यावे, विहारात नेत्रतपासणी शिबिर घ्यावे, वेल्डरांची संघटना बांधावी. एकट्याने काच मागितली तर मालक कामावरून काढील. सर्वांनी मिळून मागितली तर ती त्याला द्यावीच लागेल!