खानावळ, मैदान आणि विद्यापीठ

विद्यार्थ्याच्या जेवणाची चिंता महाराष्ट्राला नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या मुलांना पुण्यातील घरांनी पोसले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढून भाकरी, श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. शिकणाऱ्याचे अन्न आणि शरीर ही समाजाची जबाबदारी आहे, ही जाणीव त्यामागे होती. ती किती क्षीण झाली आहे, हे कोरोनाच्या साथीने दाखवून दिले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि खानावळी, तालमी, मैदाने एकाएकी बंद पडली. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे कित्येक विद्यार्थी अडकून पडले. डबा बंद झाला आणि खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, अशा मुलांना बिस्किटे, पोहे किंवा कोणी आणून दिलेली अन्नाची पाकिटे यांवर दिवस काढावे लागले. गावी पोहोचलेल्यांपैकी अनेकांना घरचे ताजे अन्न मिळाले, शेतात अंगही राबले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरातील रोजगारच बुडाला, तेथे दूध आणि भाजी यांनाच प्रथम कात्री लागली.

व्यायामाची गतही तीच. तासिका मोबाईलवर आल्या, बैठक वाढली आणि जागरणामुळे जेवणाच्या वेळा ढळल्या. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले. महाविद्यालयापर्यंतची पायपीट आणि सायंकाळचा कबड्डीचा डाव हाच ज्याचा व्यायाम, त्याने तो चौघांच्या खोलीत कसा करावा?

तात्पर्य असे की, चांगली सवय केवळ मनोनिग्रहावर टिकत नाही. तिला वेळापत्रक, जागा आणि सोबत लागते. हे तिन्ही आधार एकदम निखळले. त्याचा दोष तरुणांच्या आळसावर ढकलणे अन्यायाचे होईल.

२० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली. मात्र वर्ग भरले म्हणजे मोडलेली घडी आपोआप बसते असे नाही. परवडणाऱ्या दराची खानावळ आणि संकटकाळी तीच चालू ठेवण्याची पूर्वतयारी, ही ग्रंथालयाइतकीच विद्यापीठाची गरज मानली पाहिजे. यासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. खानावळीला पैसा लागेल हे खरे. पण जेथे मैदान आहे, तेथे ते निवडक खेळाडूंपुरते न ठेवता सर्वांना खुले करण्यास वेळापत्रकातील एक तास पुरेसा आहे. तो तास देण्याचीही तयारी नसेल, तर अडचण पैशाची नसून दृष्टीची आहे, असेच म्हणावे लागेल. पुढील साथ पूर्वसूचना देऊन येणार नाही. त्या वेळी विद्यार्थ्याच्या ताटाची आणि प्रकृतीची चिंता पुन्हा त्याच्या एकट्याच्या माथी मारली जाऊ नये.