मशीन आपलं, कुलूप त्यांचं

चालत्या मशीनला भंगार कोण ठरवतो? हा सवाल ज्याला पडत नाही त्याने हे पान फाडून भजी बांधायला द्यावं.

पाळी संपवून गोदीतून तडक दुकानात गेलो. काखेत सेकंडहँड लॅपटॉप. चार जीबी रॅम, पडदा शाबूत, कीबोर्ड शाबूत. दुकानदाराने झाकण उघडलं, मिटलं. म्हणाला, ‘भंगार आहे भाऊ. नवीन घे, हप्ते बांधून देतो.’ बस्स. लागला निकाल. साक्ष नाही, पुरावा नाही.

दोस्तांनो, अशी मशीनं मरत नाहीत, मारली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेटं थांबवली. विंडोज ११ पाहिजे तर टीपीएम २.० पाहिजे आणि प्रोसेसर त्यांच्या यादीत पाहिजे. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. लोखंड धडधाकट, पण यादीत नाव नाही म्हणून बाद! यादीत नाव नाही म्हणून बाहेर उभं राहणं काय असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे कुलूप आभाळातून पडलं नाही. १९७६ साली बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं. प्रोग्रामच्या प्रती वाटता म्हणजे चोरी करता, हा त्याचा सूर. कष्टाला दाम पाहिजे हे मला मान्य. मी मजुरीवरच जगतो. पण दाम घेणं वेगळं आणि दाम घेऊन वर पेटीला सील मारणं वेगळं. गोदीत आम्ही सीलबंद माल हलवतो. आत काय ते मालकाला ठाऊक. पाठीला फक्त वजन ठाऊक. पण घरातली पेटी मी पैसे मोजून आणली. तिच्यात डोकावायला मला बंदी का?

हाच सवाल घेऊन १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने ग्नू जाहीर केलं. हक्क मागितले ते असे: प्रोग्राम हवा तसा चालवा, आत काय ते वाचा आणि बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. १९९१ला हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सने, एकवीस वर्षांच्या पोराने, कर्नल लिहिला. १९९२ला तो जीपीएल परवान्याखाली आला. म्हणजे घेतलंस, बदललंस आणि पुढे वाटलंस, तर पुढच्यालाही तेच हक्क द्यावे लागतील. हा दानधर्म नाही. ही अट आहे.

आणि मालक लोक काय वापरतात? नोव्हेंबर २०१७पासून जगातले सगळ्यात वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. तुझ्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच कर्नल. शेटजी स्वतःसाठी उघडी पेटी घेतात आणि तुला सील मारलेली विकतात! चोरून पायरेटेड टाकलंस म्हणून मिरवू नको. मालकाचं कुलूप चोरून आणलं तरी ते मालकाचंच कुलूप.

आता काम. आधी तुझे फोटो, कविता, मार्कशीट दुसरीकडे ठेव. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरव. दोन जीबी रॅमवर चालते, चार असली तर बरं. डिस्कवर निदान वीस जीबी जागा. फाइलचा चेकसम ताडून बघ, खोटा माल घरात घेऊ नको. नुसती कॉपी मारून भागत नाही. रूफस किंवा एचरने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. मशीन चालू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाब, कंपनीगणिक बदलतं, आणि पेनड्राइव्हवरून उठव. लगेच बसवू नको. वायफाय लागतं का, आवाज येतो का, तसंच चालवून बघ. ‘डिस्क पुसा’वर बोट ठेवलंस की जुनं सगळं गेलं, मग रडायचं नाही. शेवटी कीबोर्डच्या सेटिंगात मराठी जोड.

माझं वायफाय लागलं नाही. मोबाइल केबलने जोडला, त्याचं इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवला. एक रात्र गेली. गेली तर गेली.

खोटं बोलून कुणाला आणायचं नाही. टॅली, फोटोशॉप यावर थेट चालत नाहीत. ज्याची भाकरी त्यावर, त्याने डिस्क वाटून दोन्ही ठेवावं. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्यास तर चार जीबी दमणारच.

आणि आता आपल्यातले पुरोहित! काळ्या पडद्यावर कमांडींचे मंत्र म्हणतात. नवख्याने अडून विचारलं की खेकसतात, ‘आधी मॅन्युअल वाच.’ मॅन्युअल इंग्रजीत. साल्यांनो, सोर्स उघडा आणि उंबरठ्यावर तुम्ही आडवे, ही कसली मुक्ती? ज्याला येतं त्याने मराठीत सांगावं, शेजारी बसून, हात धरून. तेवढी लायकी नसेल तर स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत.

हे सगळं त्याच भंगारावर टाइप केलंय. पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे. रविवारी चाळीतली आणखी तीन ‘भंगारं’ उठवायची आहेत. तू तुझ्या गल्लीतली मोज.