नोकरी लागली, पुढे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या विहारांत गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. त्या मंचावर आता मुलीच जास्त दिसतात, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण नर्सिंगला, फार्मसीला, एखादी एमबीबीएसला गेलेली आपली लेक नोकरीला लागली की तिचा पुढचा सत्कार सहसा होत नाही. कारण पुढची पायरी ती चढलेलीच नसते. 'नोकरी लागली, आता लग्न उरकू' इथे घर थांबते, आणि घराबरोबर तीही थांबते.

नर्सिंगचेच पाहा. जीएनएम तीन वर्षांचे. त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षे, मग एम.एस्सी. दोन वर्षे. नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचे तर एम.एस्सी.शिवाय गत्यंतर नाही. आपल्या किती मुली जीएनएमवरच राहिल्या, हे प्रत्येकाने आपापल्या वस्तीत आठवून पाहावे. हुशारी कमी पडली असे आम्हाला वाटत नाही. कमी पडली ती झोप.

हसण्यावारी नेऊ नका. रात्रपाळी संपवून सून सकाळी नऊला घरी येते. ओट्यावर भांडी असतात, मुलांचे डबे असतात, एखादा पाहुणा असतो. दुपारी कशीबशी दोन तास पाठ टेकते आणि रात्री पुन्हा ड्युटी. अशा शरीराने प्रवेश परीक्षेचा अभ्यास होत नाही. वाचलेले डोक्यात पक्के होण्याचे काम झोपेतच होते. त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दम लागणे, चक्कर येणे, पुस्तक उघडले की लक्ष न लागणे, ही त्याची लक्षणे. आपण त्याला आळस म्हणतो. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

रात्रपाळीनंतर सलग पाच-सहा तास झोप मिळालीच पाहिजे. खिडकीला जाड पडदा, मोबाइल बंद, दाराची बेल बंद. पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळावा, नाहीतर घरी येऊन डोळा लागत नाही. घर लहान असते, खोली एकच असते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमच्यापैकी बहुतेकींची घरे तशीच आहेत. म्हणूनच आमचे म्हणणे विहार समित्यांनाही आहे. रविवारची वंदना झाली की अनेक विहारांना आठवडाभर कुलूप असते. ते दुपारी उघडा. अभ्यासाला बसायला एक टेबल आणि एक पंखा पुरतो.

विश्रांती ही सुनेवर केलेली मेहेरबानी नव्हे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. जयंतीच्या भाषणात हे सांगणाऱ्यांनी घरी भांडी घासून दाखवावीत.

सगळा दोष घरावर टाकून मात्र चालणार नाही. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. वय २६. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला, प्रकरण न्यायालयात गेले. त्यांचे कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. त्या हे सारे घरी सांगत होत्या, असे त्यांच्या आईने सांगितले आहे. तेव्हा लेकीचा असा फोन आला तर 'दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे, सहन कर' असे म्हणू नका. तारीख-वार लिहून ठेवायला सांगा, तक्रार लेखी द्या, सोबत जा. मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

राहिला पैसा. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. कमावत्या मुलीचे घर ती सहज ओलांडते. फ्रीशिप मिळाली तरी अभ्यासासाठी घेतलेल्या बिनपगारी रजेची भरपाई कोण देणार?

याचे उत्तर आपल्या नाशिकच्या डोंगरात कोरलेले आहे. त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने इथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून आजारी भिक्खूंना औषध मिळेल अशी सोय केली. मूळ रक्कम हलत नाही, व्याज कामाला येते. सत्काराच्या शाली आणि पुष्पगुच्छांवर जो खर्च होतो, तो प्रत्येक विहाराने अशा ठेवीत टाकावा. पहिल्या वर्षी एका मुलीचा परीक्षा अर्ज आणि पुस्तके निघाली तरी पुष्कळ झाले.

वर्षावास सुरू होण्याआधी समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. रात्रपाळी करणाऱ्या एकीला तरी त्या बैठकीला बोलवा. आणि बैठक सकाळी ठेवू नका.