अंतराळाची वाट आणि पात्रतेची चौकट

बेळगावजवळच्या सांबरा येथील हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातून डिसेंबर २०२३ मध्ये महिला अग्निवीरवायूंची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या संचलनात दीडशेहून अधिक युवती होत्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २७ फेब्रुवारी २०२४ रोजी, गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांची नावे तिरुवनंतपुरम येथे जाहीर झाली. चौघेही पुरुष. निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून करायची असे ठरले आणि त्या गटात महिला नव्हत्या. त्यामुळे येथे कोणाचा आकस शोधण्याचे कारण नाही. मात्र पात्रतेची चौकट आखली जाते तेव्हाच निम्मा निकाल लागलेला असतो, हे चीनचा अनुभव पाहता ध्यानात येते.

चीननेही आरंभ असाच केला होता. १९९८ च्या पहिल्या निवडीतील १४ जण लढाऊ विमानांचे वैमानिक होते आणि सारे पुरुष होते. त्यांपैकी यांग लिवेई यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये देशाचे पहिले मानवी उड्डाण केले. २०१० मध्ये मात्र वाहतूक विमाने चालविणाऱ्या महिला वैमानिकांचा विचार झाला आणि दोघींची निवड झाली. त्यांतील लिउ यांग १६ जून २०१२ रोजी अंतराळात गेल्या. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यांच्या उड्डाणाला त्याच दिवशी ४९ वर्षे पूर्ण होत होती; तारखांचा हा मेळ चीनच्या प्रचारयंत्रणेला नक्कीच गैरसोयीचा नव्हता. दुसऱ्या वांग यापिंग. त्यांनी २०१३ मध्ये कक्षेतून घेतलेला विज्ञानाचा तास सहा कोटींहून अधिक विद्यार्थ्यांनी पाहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी अंतराळस्थानकाबाहेर पाऊल टाकले.

सीमाभागासाठी त्याहून महत्त्वाचे नाव वांग हाओझे यांचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तियानगोंग स्थानकावर गेलेल्या या महिला वैमानिक नव्हेत, तर अग्निबाणाच्या इंजिनांवर काम केलेल्या अभियंत्या आहेत. २०२० च्या निवडीत चीनने अभियंते व शास्त्रज्ञांना प्रवेश दिला, म्हणून त्या तेथवर पोहोचल्या. अर्थात त्या निवडीतील १८ जणांत महिला एकच होती. तेव्हा चीनचे उदाहरण समतेचे म्हणून नव्हे, निवडीच्या पद्धतीचे म्हणून पाहावे.

भारतात लढाऊ विमानांच्या महिला वैमानिक २०१६ मध्ये आल्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ युवतींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांतून चाचणी वैमानिक घडण्यास उड्डाणानुभवाची आणखी बरीच वर्षे लागतील. सांबऱ्यातील प्रशिक्षणही वैमानिकाचे नाही. तेथून निघणारी वाट जमिनीवरच्या तांत्रिक व अन्य कामांकडे जाते.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. निपाणीकडे जाणाऱ्या महामार्गावर हत्तरगी येथे जागतिक विमान कंपन्यांसाठी सुटे भाग तयार होतात. विड्या वळणाऱ्या आईची मुलगी निपाणीतून निघून या दोन्ही ठिकाणी पोहोचू शकते. गगनयानच्या पहिल्या निवडीत मात्र अभियंत्यासाठी रकानाच नव्हता.