त्याला कामगार म्हणा!

हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसणारा आपला मुलगा कामगार आहे, असे म्हटले की आपल्याकडे तीन माणसे एकदम रागावतात. पहिला त्याचा मालक. कारण कामगार म्हटला की तास आले, आणि तास आले की हिशेब आला. दुसरा त्याचा बाप. कारण पोराने कामगार होऊ नये म्हणूनच त्याने कर्ज काढून त्याला इंजिनिअर केलेले असते. आणि तिसरा, सर्वांत जास्त रागावणारा, तो मुलगा स्वतः! या तिघांचाही राग ओढवून घेऊन मला आज एवढेच म्हणावयाचे आहे, की तो कामगारच आहे. आणि तसे म्हणवून घ्यावयास तो लाजतो, यातच त्याच्या निम्म्या दुःखाचे मूळ आहे.

मी शाळामास्तर आहे. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. तेव्हा संगणकाच्या शास्त्राविषयी मी चकार शब्द काढणार नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली बरीच मुले आणि मुली आज वाकड, हिंजवडी, खराडी या भागांत नोकरी करीत आहेत. सुटीत गावी आली की ती भेटावयास येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि मधूनमधून खिशातला फोन काढून बघतात. त्यांचा दिवस कसा जातो हे मी त्यांच्याच तोंडून ऐकत आलो आहे.

हा दिवस वाचकांनी जरा डोळ्यांपुढे आणावा. तीन-चार जणांत मिळून घेतलेली वाकडची एक जागा. डब्याच्या बाईंचा डबा. मग पुलावरची ती गाड्यांची रांग, जिच्यात सहा-सात किलोमीटरला तास लागला तरी कोणाला नवल वाटत नाही. कचेरीत पोचल्यावर सर्वांनी उभ्याउभ्या आपापला पाढा म्हणावयाचा: काल काय केले, आज काय करणार, अडले कुठे. मग अमेरिकेतल्या कुठल्या तरी विमा कंपनीच्या यंत्रणेतली एक चूक शोधीत दिवस काढावयाचा. त्या कंपनीचा विमा त्याने कधी उतरवलेला नाही, ते गाव त्याने पाहिलेले नाही, आणि ती चूकही त्याने केलेली नाही. संध्याकाळी आपण दिवे लावतो तेव्हा तिकडे सकाळ होते, आणि त्याचा खरा दिवस सुरू होतो. मार्चमध्ये अमेरिकेतली माणसे आपली घड्याळे तासभर पुढे सारतात आणि नोव्हेंबरात मागे घेतात. घड्याळ न्यूयॉर्कमध्ये फिरते, आणि वाकडमध्ये याचे साडेसहाचे बोलणे साडेसातवर जाते. जेवण दहावर जाते. सूर्याप्रमाणे जेवणारे आमचे आजोबा होते, भोंग्याप्रमाणे जेवणारे गिरणीतले चुलते होते. हा तिसऱ्याच देशाच्या घड्याळाप्रमाणे जेवतो.

हे सारे मी सहन केले असते. रात्रपाळी काही नवी नव्हे. परंतु एका विद्यार्थ्याने मागच्या खेपेस जे सांगितले, ते ऐकून मी अस्वस्थ झालो. कामाच्या तासांचा एक तक्ता त्यांना रोज भरावा लागतो. तो अकरा-अकरा तास काम करतो आणि तक्त्यात आठ भरतो. मी विचारले, "असे का रे?" तो हसून म्हणाला, "सर, आठच भरायचे असतात. जास्त भरले तर कामाचा अंदाज चुकला असं दिसतं, आणि मग वरचे विचारतात, तुलाच का जमत नाही?" हजेरीपटावर खोटी जादा हजेरी लावणारा मुकादम आपण पाहिला आहे. परंतु स्वतःचीच हजेरी स्वतःच्या हाताने कमी लावणारा मजूर मी पहिल्यांदाच पाहिला! ज्या मुलाला आम्ही वर्गात 'खोटे लिहू नये' म्हणून शिकविले, त्याच्याकडून रोज एक खोटी ओळ लिहून घेतली जाते, आणि त्या ओळीत तीन तासांची चोरी असते. गंमत अशी की चोरी ज्याची झाली, सहीही त्याचीच.

आता या तासांची कुळकथा ऐका; कारण ती आपल्याच मुंबईत घडली आहे. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. ती मिळावी म्हणून 'दीनबंधु'कर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आज आपण ज्या रविवारी उशिरा उठतो, तो रविवार पंचांगातून आलेला नाही. तो परळ-भायखळ्याच्या माणसांनी मागून घेतलेला आहे. पुढे १९११ च्या कायद्याने गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. म्हणजे सहा दिवसांचे ७२. १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात, १९४६ साली, ४८. बहात्तर, साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस. या उतरत्या आकड्यांतली प्रत्येक पायरी कोणी तरी उपाशी राहून, नोकरी गमावून खणलेली आहे.

आणि मग २०२३ च्या ऑक्टोबरात इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती तरुणांना उपदेश करतात की देशासाठी आठवड्याला ७० तास काम करा. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे बोलणे बाहेर येते: ९० तास हवेत, आणि रविवारी तुमच्याकडून काम करवून घेता येत नाही याची खंत वाटते. वाचकहो, सत्तर म्हणजे काय? १९११ चा गिरणी कामगार! भविष्यकाळाच्या काचेच्या इमारतीत बसून हे थोर लोक आपल्याला बोट धरून शतकाहून अधिक मागे नेत आहेत. आणि नव्वद तर १९११ च्याही पलीकडे. सात दिवसांवर वाटले तरी रोजचे जवळजवळ तेरा तास, रविवार धरून. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार परत मागण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला?

देशासाठी म्हणतात. मूर्तींनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपान-जर्मनीचा दाखला दिला. जपानचा दाखला द्यावयाचा तर पुरा द्यावा. कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मरणाला त्या भाषेत 'करोशी' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि ते मरण टाळण्यासाठी २०१४ साली तिथल्या संसदेला कायदा करावा लागला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी मिळून सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्याला, ३५ ते ४० तास राबणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी अधिक. देश उभारावयाचा तो कोणासाठी? त्या मुलाला वगळून जो उरतो, तोच देश काय?

आता विरोधकांचे आक्षेप घेऊ. पहिला: 'पगार कसला दणदणीत आहे!' वाचक कुठल्या पगाराची गोष्ट ऐकून बसले आहेत ते मला ठाऊक आहे. प्रत्येक गावात असा एक दणदणीत पगारवाला असतो. परंतु मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या सामान्य इंजिनिअरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, आणि गेली कित्येक वर्षे तो तिथेच घुटमळतो आहे. भाडे, डबा, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि गावाकडचे पैसे जाता हातात काय उरते, याचा हिशेब कोणत्याही आईने करावा. आणि समजा, पगार मोठा आहे. म्हणून कामाला मर्यादा नको? जास्त दाम मोजून माणसाची रात्र विकत घेता येते, असे ज्याला वाटते त्याने ते उघड म्हणावे.

दुसरा आक्षेप: 'नाही झेपत तर सोडावी.' सोडावी कशी? सोडतो म्हटल्यावर अनेक ठिकाणी नव्वद दिवस थांबावे लागते, आणि नव्वद दिवस थांबणाऱ्या माणसाला दुसरीकडे सहज कोणी घेत नाही. हे दार उघडे आहे खरे. फक्त उंबरठा तीन महिने रुंद आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत शहाणा: 'हे लोक कामगार नव्हेत, अधिकारी आहेत.' महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा उघडून पाहावा. त्याच्या व्याख्येत हाताने काम करणारा जसा कामगार आहे, तसाच कुशल, तांत्रिक आणि कारकुनी काम करणाराही आहे. आठवड्याला ४८ तास, आणि जादा कामाला दुप्पट दर, हे त्या कायद्यात लिहिलेले आहे. २०२५ साली सरकारने दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १० वर नेण्याचे ठरविले, तेव्हाही आठवड्याच्या ४८ ला हात लावला नाही. वगळले आहे ते व्यवस्थापक आणि देखरेख करणारे यांना. आता कळते ना, प्रत्येकाच्या नावापुढे लीड नि मॅनेजर यांची भारदस्त बिरुदे का लागतात? बढतीत पगार थोडा वाढतो, बिरुद मोठे होते, आणि कायद्याचे पांघरूण तेवढे निसटते.

माझे भांडण मालकांशी आहे तसे आमच्या साहित्यिकांशीही आहे. गिरणी कामगाराला नारायण सुर्वे भेटले. १९६६ साली 'माझे विद्यापीठ' आले आणि मराठी कवितेला त्याच्या घामाची ओळख झाली. या मुलाला कोण भेटले? विनोदी लेखात पिझ्झा खाणारा, लग्नाच्या बाजारात आकडा सांगणारा, एवढेच त्याचे दर्शन. माझ्या एका कादंबरीत असा तरुण होता, तेव्हा एका प्रकाशकाने मला सुचविले, की याला दुःख दाखवू नका, वाचकाला पटणार नाही. वातानुकूलित खोलीत घाम येत नाही, म्हणून कष्टही होत नाहीत, हा कुठला न्याय? शनिवारी पहाटे राजगड चढणारा, नाटकाचे तिकीट काढून ऐनवेळी ते मित्राला देऊन टाकणारा, पाच वर्षांपूर्वी घेतलेली बासरी कपाटावर ठेवून रोज तिच्याकडे बघणारा हा मुलगा आमच्या भाषेत आलाच नाही, तर त्याने आमची भाषा का वाचावी?

आणि शेवटचे भांडण, प्रेमाचे, खुद्द त्याच्याशी. बाबा रे, फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामगाराला कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असे विधेयक लोकसभेत मांडले; परंतु ते खासगी विधेयक, आणि १९७० नंतर खासगी विधेयकाचा कायदा झालेलाच नाही. म्हणजे वरून काही टपकेल या आशेवर बसू नकोस. लोखंड्यांच्या माणसांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते, तरी त्यांनी अर्ज केले. तुला तर दहा बोटांनी लिहिता येते. संघटना म्हटली की तुला लाल झेंडा आणि बंद फाटक आठवते, १९८२ चा संप आठवतो. ते भय मी समजू शकतो. तुला फाटक बंद करावयास कोणी सांगत नाही. तू फक्त खरे तास भर. अकरा केलेस तर अकरा लिही. एकट्याने लिहिलेस तर तुझा निकाल लागेल, हे मी जाणतो. म्हणून शेजारच्या खुर्चीवरल्याला विचार, त्याने त्याच्या शेजारच्याला विचारावे, आणि एका दिवशी सगळ्यांनी मिळून खरा आकडा लिहावा.

ज्या दिवशी तुम्ही मिळून हे कराल, त्या दिवशी तुम्ही कामगार झालात. त्यात कमीपणा काही नाही. या राज्यात रविवार ज्यांनी आणला, त्यांचे नाव तेच होते.