मिरर साइट आणि बहिणीचं नाव

इंटरनेटवरची 'मिरर साइट' म्हणजे एखाद्या संकेतस्थळाची दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली हुबेहूब नक्कल. मूळ बंद पडलं तरी मजकूर मिळतो. सोय चांगलीच. पण ही नक्कल ठरावीक वेळाने मुळाशी जुळवली जाते. मुळात खोडलेलं बहुधा तिथूनही जातं.

इथे मोडनिंबमध्ये मला त्यावरून सातबाराच आठवतो. आधी १९९४च्या राज्य कायद्याने, मग २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला. तरी 'माहेर तुटेल' या धाकाने हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि बहिणीचं नाव कमी होतं. २०१८पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. तोही चालू नोंदच दाखवतो. म्हणून मी म्हणते, मैत्रिणींनो, नुसत्या ताज्या प्रतीवर विसंबू नका. आपलं नाव असलेल्या फेरफाराची तारखेसकट नक्कल आजच काढा, आणि ती भावाच्या कपाटात ठेवू नका.